सेकंडहँड मेटल डिटेक्टर: जाहिरातीपासून शेतापर्यंत

इंग्लंडच्या सफोकमधल्या इप्सविच आणि आसपासच्या मराठी मंडळींकडून मला तीन प्रश्न हमखास येतात. मशीन कुठून घेतलंस, शेतात जायची परवानगी कशी मिळाली आणि काही सापडलं का? शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: बटणं, शिशाचे तुकडे, काडतुसांची पितळी बुडं, कॅनची झाकणं आणि अधूनमधून झिजलेलं तांब्याचं नाणं. पहिल्या दोन प्रश्नांसाठी हे सविस्तर लिहितोय. जानेवारी २०२४ मध्ये ठरवलं आणि शेतात पाऊल पडलं ते ऑगस्टअखेरीस. मधला वेळ मशीन शोधण्यात कमी आणि परवानगी मिळवण्यात जास्त गेला.

नवं न घेता जुनं घेण्याचं कारण सरळ आहे. हा छंद असा आहे की बरेच जण ख्रिसमसला मशीन घेतात, दोनदा चिखलात जातात आणि जानेवारी-फेब्रुवारीत विकायला काढतात. म्हणजे उन्हाळ्यापेक्षा या दोन महिन्यांत माल जास्त आणि भावही नरम. जुनं घेताना मात्र एकच पथ्य पाळावं, मॉडेल माहितीतलं हवं. ज्याची पुस्तिका, कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची चकती) आणि सुटे भाग आजही मिळतात असंच घ्यावं. मी गॅरेटचं एस ४०० आय निवडलं. एकाच फ्रीक्वेन्सीवर, १० किलोहर्ट्झवर चालतं, चार पेन्सिल सेल लागतात, पडद्यावर धातूचा अंदाज देणारा ० ते ९९ आकडा दिसतो. पाण्यात फक्त कॉइल बुडवलेली चालते, वरचा डबा नाही. मिनलॅबचं इक्विनॉक्स एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरतं आणि निःसंशय सरस आहे, पण त्याची जुनी किंमतसुद्धा पहिल्या मशीनसाठी जास्त वाटली. शिवाय त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. गॅरेटच्याही आहेत, विशेषतः केशरी रंगाच्या पिनपॉइंटरच्या, म्हणजे खणलेल्या मातीत वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या कांडीच्या. ‘नवंकोरं, सीलबंद, निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात दिसली की पुढे जावं. वापरलेलं, थोडं मळलेलं, पावतीसकट असलेलं मशीन त्यापेक्षा बरं.

पोस्टाने मागवू नका, समक्ष जाऊन बघा. फोनवरच विचारून घ्या: सीरियल नंबर शाबूत आहे का, मूळ पावती आहे का, समुद्रकिनाऱ्यावर वापरलंय का. खारं पाणी आणि वाळू गेलेलं मशीन वरून चकाचक दिसतं, आणि दांड्याची लॉकची बटणं मात्र अडकतात.

तिथे गेल्यावर काय बघायचं, ते क्रमाने सांगतो. आधी सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर सेल गळलेले आहेत. थोडी असेल तर कानकाडीवर व्हिनेगर घेऊन पुसता येते आणि मशीन चालतं, पण पत्र्याची जीभच खाल्ली गेली असेल तर नको. मग कॉइल: तिचे दोन कान, जिथे दांडा बोल्टने बसतो, तिथे बारीक तडे असतात का ते बोट फिरवून बघा. खालचं प्लास्टिकचं आवरण काढायला सांगा. आत वाळू आणि ओल साचलेली असली की मशीन उगाच पिकपिक करतं, आणि तेवढ्यावरून विकणाऱ्याला वाटतं कॉइल गेली. अशी मशीनं स्वस्तात मिळतात आणि आवरण धुतल्यावर ठीक होतात.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी वायरची. मशीन चालू करून कॉइल हवेत, जमिनीपासून आणि सगळ्या धातूंपासून लांब धरा. दुसऱ्या हाताने वायर कॉइलमध्ये जिथे शिरते तिथे हलवा, मग वरच्या कनेक्टरपाशी. हलवताना आवाज येत असेल तर आत तार तुटतेय. नवी कॉइल घ्यायची म्हणजे जुन्या मशीनइतकेच पैसे गेले. वायर दांड्याभोवती सैल गुंडाळलेली असली की तीच हलून खोटे सिग्नल येतात, तो दोष नव्हे. घट्ट गुंडाळून पुन्हा बघावं.

ही चाचणी घराच्या आत करू नका. राउटर, टीव्ही, एलईडी दिवे, इंडक्शनची शेगडी, या सगळ्यांचा त्रास होतो आणि चांगलं मशीनही वेड्यासारखं वागतं. बाहेर अंगणात जा, मोबाइल गाडीत ठेवा, बुटांना लोखंडी टोक नको. खिशात तीन वस्तू न्या: एक खिळा, एक अंगठी, एक जुनं नाणं. कॉइलपुढून एकेक फिरवा, आकडा स्थिर येतो का ते बघा. हेडफोनचं मोठं, पाव इंची भोक असतं, त्यात प्लग फिरवून खरखर होते का तेही ऐकून घ्या.

नाण्याबद्दल जास्त सांगायला हवं, कारण शिकताना यातच फसगत होते. ब्रिटनची एक आणि दोन पेन्सची नाणी सप्टेंबर १९९२ पासून आतून पोलादी आहेत, वरून तांब्याचा मुलामा. पाच आणि दहा पेन्सही २०१२ पासून पोलादीच. चुंबकाला चिकटतात. डिटेक्टरवर त्यांचा आकडा उड्या मारतो आणि माणसाला वाटतं मशीन खराब आहे. चाचणीसाठी १९९२ च्या आधीचा पेनी घ्यावा, तो जवळजवळ शुद्ध तांब्यासारखाच वाजतो. चांदीसाठी १९४७ च्या आधीचा शिलिंग: १९२० पर्यंत साडेब्याण्णव टक्के चांदी, नंतर पन्नास टक्के, १९४७ पासून शून्य. नाण्यांच्या दुकानात असे झिजलेले शिलिंग थोडक्या पैशात मिळतात.

सौदा १३५ पौंडांना झाला, नव्याच्या निम्म्याहून कमी. पिनपॉइंटर मात्र नकलांच्या भीतीने दुकानातूनच नवा घेतला, ११० पौंड. पायाने दाबायचं अरुंद पात्याचं फावडं ३८ पौंड. बागेचं साधं फावडं चालत नाही, सफोकच्या चिकणमातीत त्याची मान वाकते. हातमोजे, दोन पिशव्या आणि प्लास्टिकचा कागद धरून सगळा खर्च तीनशेच्या किंचित वर गेला. पिनपॉइंटरला चैन समजू नका. तो नसेल तर मातीच्या ढेकळात नखाएवढी वस्तू शोधताना जीव जातो.

मार्चमध्ये घरामागच्या हिरवळीवर सराव. मशीन करतं काय ते आधी समजून घेतलं की पुस्तिका आपोआप कळते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. त्यातलं एक वेटोळं दर सेकंदाला दहा हजार वेळा बदलणारं चुंबकी क्षेत्र जमिनीत सोडतं. धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, ते दुसरं वेटोळं ऐकतं. उत्तर किती उशिरा आलं यावरून धातूचा अंदाज बांधला जातो. जाड चांदी वरच्या टोकाला, लोखंड खालच्या, साधारण चाळिसाच्या आत. मधला पट्टा म्हणजे सगळा घोटाळा: चॉकलेटचा चंदेरी कागद, कॅनची कडी, सोन्याची अंगठी, मध्ययुगीन चांदीचं कागदासारखं पातळ नाणं, सगळे तिथेच. म्हणून ‘सोनं कितीवर वाजतं’ या प्रश्नाला उत्तर नाही.

घरच्या दागिन्यांवर हे करून बघण्यासारखं आहे. जाडसर चांदीचं जोडवं छान, खणखणीत वाजतं. मंगळसूत्राची वाटी वाजते, पण आकडा त्या चंदेरी कागदाच्या शेजारचाच. आणि बारीक साखळी? कॉइलला जवळजवळ टेकवली तरी मशीन गप्प, फक्त फाशापाशी एक हलकी चाहूल. प्रत्येक कडी सुटी आणि इवलीशी, त्यामुळे साखळी भारी असली तरी मशीनला ती एक वस्तू म्हणून दिसतच नाही. कुणाची साखळी बागेत हरवली म्हणून बोलावलं तर हे आधी सांगून ठेवावं.

सरावासाठी हिरवळीत नाणी पाच, दहा आणि पंधरा सेंटीमीटरवर पुरली, शेजारी एक खिळा आणि एक कॅनची कडी, आणि जागा वहीत मांडल्या. पुरण्याआधी ती जागा मशीनने तपासून घ्या, नाहीतर आधीच्या मालकाचा खिळा आपल्या नाण्याखाली निघतो. हात दांड्याच्या पट्ट्यात अडकवल्यावर कोपर वाकलेलं नसावं, खांदा सैल असावा, इतका दांडा लांब करा. कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटीमीटर वर. नवखा माणूस झोक्यासारखा हात फिरवतो आणि दोन्ही टोकांना कॉइल वर जाते, तिथली खोली वाया. या मशीनची कॉइल डीडी जातीची आहे, तिचं क्षेत्र पुढून मागे जाणाऱ्या पात्यासारखं असतं. त्यामुळे प्रत्येक फेरीला कॉइलच्या निम्म्या लांबीइतकंच पुढे सरकायचं.

संवेदनशीलता आठपैकी पाच-सहावर ठेवा. आठवर खोली वाढत नाही, कलकलाट वाढतो. सुरुवातीला झीरो डिस्क्रिमिनेशन, म्हणजे काहीही गाळायचं नाही. खिळा कसा बोलतो ते कानाला कळल्याशिवाय त्याला गप्प करू नये. नंतर कॉइन्स मोड लावून आयर्न ऑडिओ चालू ठेवला की गाळलेलं लोखंडही हलकं ऐकू येतं.

खरी कसोटी वाकडा खिळा. डावीकडून उजवीकडे नेलं की ‘टिंग’, आकडा ६८. परत येताना काहीच नाही किंवा घर्र. मग त्याच जागेभोवती पाव वर्तुळ फिरून आडव्या दिशेने कॉइल न्यायची. नाणं चारी बाजूंनी तेच बोलतं, आकडा दोन-तीनने इकडेतिकडे. खिळ्याचा आवाज तुटतो, सिग्नलची जागा सरकते, कडेला घर्र येते. चपटं, गंजकं लोखंड, वॉशर, बाटलीचं बूच यावर मात्र कानही फसतात. मोठं लोखंड, घोड्याचा नाल किंवा नांगराचा तुकडा, चक्क चांदीच्या आकड्यावर जातं. तेव्हा पिनपॉइंटचं बटण दाबून आकार बघा. ताटाएवढ्या जागेत सिग्नल पसरलेला असेल तर ते नाणं नव्हे.

हा सराव चालू असताना परवानगीचं काम सुरू केलं, आणि इथेच माणसं कंटाळतात. इंग्लंडमध्ये मालक नसलेली जमीन नाही. परवानगीशिवाय फिरलात तर अतिक्रमण, काही उचललंत तर चोरी. संरक्षित प्राचीन स्थळावर १९७९ च्या कायद्यानुसार वेगळा लेखी परवाना लागतो, शेतकरी हो म्हणाला तरी. सरकारी ‘मॅजिक’ नकाशावर अशी स्थळं आणि संरक्षित निसर्गक्षेत्रं दोन्ही दिसतात, जाण्याआधी शेत तिथे पाहून घ्या. नगरपालिकांच्या बागांत बहुतेक ठिकाणी बंदी असते. थेम्सच्या काठच्या चिखलात तर डिटेक्टर नसला तरी नुसतं शोधायलाही बंदर प्राधिकरणाचा परवाना हवा.

नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या, सोबत विमा मिळतो. तुमच्यामुळे जनावर जखमी झालं किंवा यंत्राचं नुकसान झालं तर हा विमा आहे, हे शेतकऱ्याला पत्रातच सांगा. जमीन कुणाची ते माहीत नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून उतारा मिळतो. तेव्हा तीन पौंड लागत, डिसेंबर २०२४ पासून सात. बऱ्याचदा कसणारा वेगळा आणि मालक वेगळा, दोघांचाही होकार लागतो. आपल्याकडचं कूळ आणि मालक समजा, फक्त भांडण नसलेलं.

एप्रिल-मेमध्ये पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना उत्तरच आलं नाही, काहींचा सभ्य नकार आला. दारावर जाणं सगळ्यात अवघड वाटतं. अनोळखी गाव, अंगावर येणारी कुत्री, आणि आपला उच्चार ऐकून समोरचा क्षणभर थबकलेला. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, गाडीत मशीन दिसू देऊ नका, पाठ केलेलं भाषण करू नका. ‘तुमची काही हरवलेली वस्तू असेल तर आधी ती शोधून देतो’ हे वाक्य उपयोगी पडतं, आणि त्याला सफोकमध्ये परंपराही आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचे गृहस्थ कुळाचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन काळातला, सुमारे पंधरा हजार नाण्यांचा साठा लागला. त्यांनी सगळं न उकरता खबर दिली, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना तो ठेवलेल्या स्थितीत बघता आला. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मला होकार मिळाला तो जूनमध्ये, पण गव्हाची कापणी झाल्यावरच या असं सांगून. करार एका पानाचा: कोणती शेतं, फाटकं बंद करायची, खड्डे बुजवायचे, मौल्यवान काही निघालं तर निम्मं निम्मं. दोन प्रती, दोन सह्या.

१९९६ चा ट्रेझर कायदा निदान इतका माहीत हवा. तीनशे वर्षांपेक्षा जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, अगदी एक अंगठीसुद्धा, ट्रेझर, म्हणजे कायद्याने कळवावाच लागणारा ठेवा ठरते. नाणी असतील तर एकाच ठिकाणची किमान दोन हवीत, आणि हलक्या धातूची असतील तर दहा. सुटं एक नाणं सहसा नाही. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात आल्या. चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. प्रत्यक्षात आपण जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवतो, पुढचं तो बघतो.

‘इकडे घेऊन ये, गडावर फिरवू’ असा फोन गावाकडून येतोच. नाही. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, आणि ही दहाची मर्यादा कुणी वाढवलेली नाही. संरक्षित गडावर उकरणं हा तर वेगळा गुन्हा. मशीन इकडेच राहू द्या.

ऑगस्टअखेर कापणी झाली. धसकटात कॉइल खाली जात नाही, ती दर वेळी अडकते आणि आपटली की खोटा सिग्नल येतो. नांगरून, सपाट करून, पेरणी व्हायच्या मधले काही दिवस उत्तम, पण ते शेतकऱ्याच्या हातात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, ओल्या मातीत सिग्नल खोलवरून येतो आणि खणणंही सोपं. पहिल्या शेतात चंदेरी कचराच कचरा निघाला तर तुमचं काही चुकलेलं नाही. काही शेतांत शहरी ओल्या कचऱ्याचं खत टाकतात, त्यात ॲल्युमिनियमचा चुरा असतो. असं शेत सोडून दुसरं धरावं. वाफेच्या इंजिनांच्या काळातला जळका कोळसाही चांगल्या धातूसारखा वाजतो.

सिग्नलवर सरळ फावडं मारू नका. पिनपॉइंट करून कॉइल हळूहळू मागे ओढा, आवाज कॉइलच्या टोकाशी तुटतो, वस्तू तिथे. तिथून पंधरा सेंटीमीटर लांबून फावडं घाला. गवत असेल तर तीन बाजू कापून चौथी बिजागरीसारखी ठेवा, माती प्लास्टिकवर काढा, म्हणजे बुजवल्यावर जागा ओळखू येत नाही. नांगराच्या खोलीखाली जायचं नाही. त्याखालचे थर हलवलेले नसतात, तिथे सिग्नल लागला तर थांबून कळवायचं. टोकदार, पंखवाली, गोळ्यासारखी काही जड वस्तू दिसली की हात लावू नका, लांब जाऊन ९९९ लावा. इथे महायुद्धातले बॉम्ब अजून निघतात.

नाणं निघालं की अंगठा त्यावरून फिरतोच. फिरवू नका. मातीत वाळूचे कण असतात आणि एका घासण्यात राजाचं नाक जातं. मातीसकट डबीत ठेवा, घरी साध्या पाण्यात भिजवा. तांब्या-पितळेच्या वस्तूंना व्हिनेगर, लिंबू, पितांबरी काही नको, हिरवा थर गेला की वस्तू गेली. शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या पांढऱ्या पुडीने माखलेल्या असतात, त्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा.

प्रत्येक वस्तूची जागा लगेच मोबाइलवरच्या ग्रिड क्रमांकाने लिहा, आठ आकडी म्हणजे दहा मीटरपर्यंत नेमकी. ‘वरच्या शेतात कुठेतरी’ असं लिहिलेल्या वस्तूचा अभ्यासकांना काही उपयोग नाही. नोव्हेंबरमध्ये एक कमरपट्ट्याचं जुनं बक्कल आणि काही नाणी अशा क्रमांकांसकट फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे दिली, पावती मिळाली. त्या एका माणसाकडे जिल्ह्याभरातल्या पिशव्या येतात, त्यामुळे वस्तू परत यायला वसंत उजाडला. नोंद आता पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या, खुल्या यादीत आहे, जागा मुद्दाम ढोबळ ठेवून, म्हणजे रात्री चोरून खणणारे तिथे पोचत नाहीत. नोंदीची एक प्रत शेतकऱ्यालाही द्या. मी दिली, तेव्हा त्यांनी ओढ्याकाठचं दुसरं शेत दाखवलं आणि तिथे मटार निघाल्यावर या म्हणाले.